जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, आता घरचं ब्रॉडबँड कसं जोडायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक एकच प्रश्न विचारतायत, लॅपटॉप धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही म्हणतोय, भंगारात देऊ का. नका देऊ. ४ जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टिम, त्यावर बरं चालतं, फुकट आहे, आणि मिंटची २२ ची मालिका घेतलीत तर २०२९ पर्यंत अपडेट येत राहतात. मिंट चढवायचं कसं यावर व्हिडिओंचा पाऊस आहे, ते मी इथे परत लिहीत नाही. लोक अडतात ते त्यानंतर, नवीन स्क्रीन झकास दिसते आणि कोपऱ्यात नेटच्या चिन्हावर काहीच नाही. सोसायटीत आणि नातेवाइकांत बऱ्याच जणांना मी हे लावून दिलंय, त्यामुळे कुठे कुठे गाडी अडकते ते आता पाठ झालंय.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नेटवाल्याला फोन केलात आणि चुकून लिनक्स हा शब्द तोंडातून गेला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, त्याच्यावर आमचं नेट चालत नाही." असं काही नसतं. फायबरला आणि राउटरला तुमच्या कॉम्प्युटरवर कुठली सिस्टिम आहे याचं काही देणंघेणं नाही. प्रत्येक वेळी फक्त एवढंच शोधायचं की बिघाड लाइनमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये. मोबाइल त्याच वायफायवर चालतोय? मग लाइन आणि राउटर ठीक, कॉम्प्युटर बघा. मोबाइलवरही नाही? मग कॉम्प्युटरला हात लावू नका, नेटवाल्याला बोलवा आणि लिनक्सचा ल सुद्धा काढू नका.

१. विंडोज पुसायच्या आधी हे लिहून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. खूप घरांत, विशेषतः गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट असेल तिथे, माणसाने येऊन डेस्कटॉपवर एक डायलर करून दिलेला असतो, डबल क्लिक करायचं, कनेक्ट दाबायचं, झालं. त्यातलं युजरनेम आणि पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो कारण तो सेव्ह होता, आणि ठिपके ठिपके दिसतात. विंडोज पुसलं की डायलर त्या पासवर्डसकट गेला. मग रविवार संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही.

तर आधीच फोन करून किंवा व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा:

- पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड (त्याला "डायलरचा आयडी पासवर्ड" म्हणा, लगेच कळतं)
- ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल नंबर
- वायफायचं नाव आणि पासवर्ड
- राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो, त्यावर लॉगिनचा पत्ता आणि पासवर्ड असतो
- विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपांवर ते न सांगता चालू असतं आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना आधी चालणारी मूळ सेटिंग) काही बदललं तर ही रिकव्हरी की मागतं

सामान फारसं लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यातलं सगळं पुसलं जाणार), एक लॅन केबल, आणि मोबाइलची डेटा जाणारी यूएसबी केबल. शेवटची वस्तू का ते पुढे कळेल. नुसती चार्जिंगची स्वस्त केबल चालत नाही.

२. तुमचं कनेक्शन कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

एक, फायबर घरात येतो, भिंतीवर किंवा टेबलावर एक डबा असतो आणि तोच वायफायही देतो. जिओ, एअरटेल यांचं बहुतेक असंच. इथे लॉगिन डब्याच्या आतच झालेलं असतं, तुम्हाला फक्त वायफायचा पासवर्ड टाकायचा किंवा केबल खुपसायची. तुमचं काम ९० टक्के झालेलं आहे, पायरी ६ आणि ७ वाचूच नका.

दोन, फायबरचा डबा आहे पण तो ब्रिज मोडला ठेवलाय, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देतो, लॉगिन करत नाही, किंवा बिल्डिंगच्या डक्टमधल्या स्विचमधून सरळ लॅनची वायर घरात आलीय. इथे लॉगिन कॉम्प्युटरला किंवा तुमच्या स्वतःच्या राउटरला करावं लागतं. तेच ते पीपीपीओई.

तीन, वायर जोडली की ब्राउझरमध्ये कंपनीचं पान उघडतं आणि तिथे आयडी पासवर्ड मागतं.

आपलं कुठलं हे कळत नसेल तर आठवा, जुन्या विंडोजवर रोज काय दाबत होता. काहीच दाबत नसाल तर पहिली जात.

३. नवीनच कनेक्शन घेताय?

आधार कार्ड, फोटो, आणि पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार किंवा घरमालकाचं लाइट बिल. ओटीपी येतो त्यामुळे ज्याच्या नावाने घ्यायचं तो माणूस फोनसकट घरात हवा, काकांच्या नावाने घेतलं आणि काका गावाला असं नको. डक्टमधून वायर आणायला काही सोसायट्या सेक्रेटरीची परवानगी मागतात, ती आधीच घ्या.

पैशांचं: जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन ५८९ ला पडतो. वर इन्स्टॉलेशन आणि डब्याचं डिपॉझिट आहे का, ते परत मिळतं का, हे विचारा आणि पावती घ्या.

माणूस फायबर जोडायला आला की जरा बाजूला उभं राहून बघा, बघण्यासारखं काम असतं. वरचं आवरण सोलून केसासारखी काचेची तार बाहेर काढतो, स्पिरिटच्या टिश्यूने पुसतो, टोक सरळ कापतो आणि कनेक्टरमध्ये बसवतो. कनेक्टर हिरवा असेल तर समोरचं सॉकेटही हिरवंच हवं. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात पण टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात, सिग्नल गळतो, आणि मग पावसाळ्यात "नेट येतंय जातंय" सुरू. त्याच्याकडे पॉवर मीटर असतो, रीडिंग विचारा: उणे १५ ते उणे २५ च्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या खाली गेलं तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, सही केल्यावर कोणी येत नाही. आणि उघड्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला लेसर दिसत नाही पण असतो.

डब्यावरचे दिवेही ओळखून ठेवा. पॉन हिरवा स्थिर म्हणजे लाइन चांगली, लुकलुकतोय म्हणजे अजून नोंदणी होतेय, लॉस लाल म्हणजे फायबर तुटलाय किंवा कुठेतरी दुमडलाय. सोफा मागे सरकवला की हे हमखास होतं.

४. इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच नेट चालवून बघा

मिंटची ही सोय लोक वापरतच नाहीत. पेनड्राइव्हवरून चालू केलं की डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टिम समोर येते. पेनड्राइव्ह करायला विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर, आणि बूट मेनूसाठी चालू करताना डेल, लेनोव्हो, एसरला एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप.

आत आलात की खाली उजवीकडे नेटचं चिन्ह. वायफायची नावं दिसतायत? जोडा, एखादा व्हिडिओ लावा, दहा मिनिटं राहू द्या. चाललं तर इन्स्टॉलनंतरही चालणार, निर्धास्त व्हा. नावंच दिसत नसतील तर घाबरून बंद करू नका, पुढचं वाचा, पण निदान विंडोज शाबूत असताना कळलं हा फायदा.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर त्याच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि काही कॉम्प्युटरवर लॅन किंवा वायफायचं कार्ड त्याच झोपेत अडकून राहतं. मग लोक म्हणतात मिंटमध्ये नेट नाही.

५. वायफाय दिसतच नाही तेव्हा

इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर ही वेळ शक्यतो येत नाही. ब्रॉडकॉमचं असेल (जुन्या डेल आणि एचपीमध्ये भरपूर) तर ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो. आणि ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, नेटला ड्रायव्हर लागतो. इथे बरेच जण हात टेकतात आणि परत विंडोज टाकतात, गरज नाही.

मोबाइल यूएसबीने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला तो वायरचं नेट म्हणून दिसतो, ड्रायव्हर काही लागत नाही. आणि अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय तो पुढे देतो, मोबाइल डेटा खर्च होत नाही. वायफाय कार्ड मेलेल्या एका लॅपटॉपवर शेजारच्या ताईंनी मुलाची आख्खी ऑनलाइन परीक्षा असंच काढली.

आता मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो शोधेल, ब्रॉडकॉमच्या नावापुढे "रेकमेंडेड" असेल ते निवडा, अप्लाय, रीस्टार्ट. मोबाइल नसेल तर मिंटचा तोच पेनड्राइव्ह परत लावा, ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनही उचलतो.

आणि इथे एक खड्डा. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारं बायोसमधलं कुलूप) चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते. ती काही सेकंदच थांबते. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, एंटर दाबून पुढे जातात आणि ड्रायव्हर लागतच नाही. तिथे "एनरोल एमओके" निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि मघाशी ठरवलेला पासवर्ड टाकायचा. एकदाच करावं लागतं.

बाजारात स्वस्तात मिळणारे छोटे यूएसबी वायफाय डोंगल घेताना मात्र सांभाळून. बऱ्याच रिअलटेक चिपना ड्रायव्हर शोधत बसावं लागतं आणि दुकानदार "सगळ्यावर चालतं" म्हणतोच. त्याच्यापेक्षा यूएसबी टू लॅन ॲडॉप्टर घ्या, ते बहुतेक लावल्या लावल्या चालतात.

६. पीपीपीओई, म्हणजे डायलरचं काम

वायर कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टला लावा. मेनूत "ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन" शोधा. खालचं अधिक चिन्ह दाबा, यादीतून "डीएसएल / पीपीपीओई" निवडा, क्रिएट.

पेरेंट इंटरफेसमध्ये तुमचं लॅन कार्ड निवडा (नाव विचित्र असतं, "ईएनपी" वगैरेने सुरू होणारं, वायफायचं "डब्ल्यूएल" ने सुरू होतं ते नको). युजरनेम, पासवर्ड टाका. सर्व्हिस रिकामं सोडा, नेटवाल्याने मुद्दाम सांगितल्याशिवाय तिथे काही लिहायचं नाही. पासवर्डच्या चौकोनात उजवीकडे एक छोटं चिन्ह असतं, ते दाबून "सगळ्या युजरसाठी साठवा" या अर्थाचा पर्याय घ्या, नाहीतर दर वेळी चालू केल्यावर तो पासवर्ड मागत बसेल. जनरल टॅबमध्ये आपोआप जोडण्यावर टिक. सेव्ह.

जोडलं गेलं तर उत्तम. "ॲक्टिव्हेशन फेल्ड" आलं तर या क्रमाने बघा:

युजरनेममध्ये स्पेस किंवा कॅपिटल अक्षर चुकलंय का. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की शेवटी एक स्पेस हमखास चिकटून येते.

आधीचं सेशन सर्व्हरवर अडकलंय का. एका आयडीवर एकच लॉगिन चालतं, आणि वायर ओढून काढली किंवा लाइट गेली तर पलीकडे तुम्ही अजून जोडलेलेच दिसता. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग परत करा. दर दहा सेकंदांनी कनेक्ट दाबत बसून काही होत नाही.

तिसरं, मॅक बाइंडिंग. काही नेटवाले तुमचा आयडी एका लॅन कार्डाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. त्याच कॉम्प्युटरच्या त्याच पोर्टमध्ये वायर असेल तर सिस्टिम बदलून मॅक बदलत नाही, काळजी नको. पण नवा लॅपटॉप, किंवा तो यूएसबी ॲडॉप्टर लावलात तर बदलला. फोन करून "मॅक रीसेट करा" एवढंच म्हणा, दोन मिनिटांत होतं. जुना मॅक माहीत असेल तर इथरनेट टॅबमध्ये "क्लोन्ड मॅक ॲड्रेस" मध्ये तो टाकूनही भागतं.

आणि मनापासून सांगू का, घरात दोनपेक्षा जास्त उपकरणं असतील तर पीपीपीओई कॉम्प्युटरवर ठेवूच नका. हजार दीड हजाराचा राउटर घ्या, त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडून तोच आयडी पासवर्ड टाका, मग मिंट, विंडोज, टीव्ही सगळं नुसत्या वायफाय पासवर्डवर चालतं आणि कॉम्प्युटर बंद असला तरी घरात नेट राहतं.

७. लॉगिनचं पान उघडत नाही

तिसऱ्या जातीवाल्यांसाठी. हल्ली सगळ्या साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) असल्यामुळे नेटवाल्याचं पान मध्ये घुसू शकत नाही, आणि ब्राउझर नुसता फिरत राहतो. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साधी साइट उघडा, ती मुद्दाम यासाठीच केलेली आहे, तिथून लॉगिन पानावर जाल.

८. जोडलंय म्हणतंय पण साइट उघडत नाहीत

टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा, इंग्रजीत पिंग लिहा, स्पेस, ८.८.८.८, एंटर. (मी इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, तुम्ही कॉम्प्युटरवर इंग्रजीच टाका.) ओळींवर ओळी येत राहिल्या तर नेट पोचतंय. विंडोजसारखं चार ओळींवर थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचं.

आकड्याला उत्तर येतंय पण साइट उघडत नाही म्हणजे डीएनएसचा घोळ, साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधणारी सेवा ती. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ टॅबमध्ये डीएनएससमोर ८.८.८.८, १.१.१.१ टाका, सेव्ह करून एकदा तोडून जोडा.

सगळ्या साइटवर "सर्टिफिकेट" ची तक्रार येतेय? घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरची बायोसची सेल संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला सगळी सर्टिफिकेटं खोटी वाटतात. सेल साधारणपणे घड्याळाच्या दुकानात मिळते तीच, सीआर२०३२. विंडोज आणि मिंट दोन्ही असतील तर घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसणं वेगळं, तिथे फक्त दोघांची वेळ ठेवायची पद्धत वेगळी आहे, सेल बदलू नका.

गूगल उघडतंय पण बँकेची साइट अर्धवट लटकते, हा एक चमत्कारिक प्रकार. पीपीपीओईमध्ये एका पाकिटाचा आकार १५०० ऐवजी १४९२ असावा लागतो. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू (हाच तो आकार) बघा, १५०० असेल तर १४९२ करा.

९. १०० चा प्लॅन आणि डाउनलोड १२ चं

बरोबर आहे. प्लॅन एमबीपीएसमध्ये (मेगाबिट), फाइल एमबीमध्ये (मेगाबाइट), आठने भागा, १०० म्हणजे साडेबारा. भांडायला जाऊ नका.

खरा स्पीड मोजायचा तर लॅन केबलने मोजा. वायफायवर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेलं असेल तर ३०-४० वर अडकणं नेहमीचं, शेजारच्या दहा घरांचं वायफाय त्याच पट्ट्यात असतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत असेल तर त्यावर जा, फक्त दोन भिंतींपलीकडे ते दमतं. आणि ३०० चा प्लॅन घेऊनही केबलवर ९४-९५ च्या वर जात नसेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्डसमोर १०० दिसतंय की १०००, ते बघा. १०० असेल तर बहुतेक केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत किंवा कुठेतरी तार तुटलीय. केबल बदलून कॅट५ई किंवा त्याच्या वरची घ्या.

१०. शेवटची दोन कामं

राउटरचं पान उघडून (स्टिकरवरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१, जिओचा १९२.१६८.२९.१) ॲडमिनचा आणि वायफायचा, दोन्ही पासवर्ड बदला. माणूस लावून जातो तेव्हा बऱ्याचदा ग्राहकाचा मोबाइल नंबरच वायफायचा पासवर्ड ठेवून जातो, आणि तो नंबर आख्ख्या बिल्डिंगच्या ग्रुपवर असतो. मिंटमध्ये फायरवॉल आधीपासून असतं पण बंद असतं, मेनूत फायरवॉल उघडून बटण चालू करा.

आणि ज्यांच्याकडे लाइट जाते त्यांनी राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यावा. घ्यायच्या आधी डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपियर किती लिहिलेत ते बघा, फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पिन पुरतायत का तेही. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून वेगळा नको असं वाटतं, पण बऱ्याच इन्व्हर्टरना लाइट गेल्यावर चालू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होऊन पीपीपीओईचं सेशन पलीकडे अडकतं, मग परत पायरी ६ मधली ती दहा मिनिटं.